उल्काताईंची भिंत

कोणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की उल्काताई पाणी घेण्याआधी भिंतीवर बोटांची पेरं वाजवून बघत. गंगापूर रोडच्या आमच्या नव्याकोऱ्या फ्लॅटमध्येही त्यांनी तेच केलं आणि माझ्या नवऱ्याला तोंडावर सांगितलं, "फसवलंय तुम्हाला. पावसाळ्यात कळेल." कळलंच.

त्या आमच्या शेजारी. यजमान अंबडच्या कारखान्यात होते. ते गेल्यावर एकट्याच राहत. मूळच्या मात्र कोकणातल्या एका बंदराच्या गावच्या. तिथल्या दगडी शाळेत त्या लग्नाआधी इतिहास शिकवायच्या. शाळेच्या दर्शनी भिंतीत एक कोरीव दगड होता. बंदरावरच्या कोळणींनी मासळी विकून, वर्गणी काढून ही शाळा बांधली, असं त्यावर लिहिलेलं. खाली त्यांची नावं. संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब यांनी त्या दगडावर सिमेंटचा गिलावा चढवला आणि वर आपल्या आजोबांच्या नावाची संगमरवरी पाटी बसवली. उल्काताईंनी भर सभेत विचारलं, "तुमचे आजोबा मासळी विकायचे का?" सभा हसली. थोड्याच दिवसांत त्यांच्यावर मुलांना मारल्याचा खोटा आळ आला. नोकरी गेली. तो डाग लागल्यावर पुढे कुठल्याच शाळेने त्यांना दारात उभं केलं नाही.

"मी विसरणारी बाई नाही," त्या म्हणायच्या. "खारी हवा सिमेंटमागे कोंडली की दगड आतून झिजतो. मी झिजले नाही. मला धार आली."

शाळा पाडून तिथे दुकानांची इमारत उठवायचं भाऊसाहेबांनी ठरवलं, ही बातमी आली तेव्हा त्या चक्क खूश झाल्या. "आता सापडला!" जुने विद्यार्थी गोळा केले, मुंबईला खेटे घातले आणि शाळेला वारसा इमारत म्हणून संरक्षण मिळवलं. पाडणं तर थांबलंच, वर दुरुस्ती मूळ पद्धतीने, चुन्यातच करायची अट आली. म्हणजे सगळं सिमेंट उतरवणं आलं.

सिमेंट उतरवायच्या दिवशी मी त्यांना गाडीने गावी घेऊन गेले. नव्वदीला टेकलेले भाऊसाहेब अंगणात खुर्चीवर बसले होते. पाटी उतरली. मग छिन्नीखालून एकेक अक्षर बाहेर येऊ लागलं. कोळणी टोपल्या खाली ठेवून बघत होत्या.

"भाऊसाहेब, मोठ्याने वाचा," उल्काताई म्हणाल्या.

"चष्मा नाही आणला."

त्यांनी स्वतःचा चष्मा काढून म्हाताऱ्याच्या नाकावर चढवला. "वाचा."

ते वाचू लागले. एका नावाला गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "माजी आजी ती!" भाऊसाहेबांचा आवाज फाटला, डोळ्यांतून पाणी आलं. उल्काताईंनी त्यांना शेवटच्या नावापर्यंत थांबू दिलं नाही.

परतताना कसारा घाटात मी म्हटलं, "ताई, फार झालं हो. म्हातारा माणूस तो."

"मला कमीच वाटतंय," त्या म्हणाल्या. मग खिडकीकडे तोंड करून बोलल्या, "मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली ना, तेव्हा माझे पाय आपसूक सातवीच्या वर्गाकडे वळले. आत एक पोरगी शिकवत होती. मी म्हटलं, चुकून आले."

पुढे इगतपुरी गेली तरी त्यांनी खिडकीकडचं तोंड वळवलं नाही.

मागच्या वर्षी त्या गेल्या. त्याआधी एकदा त्यांच्या घरी बसले असताना भाऊसाहेबांच्या मुलाचा फोन आला. वडील अंथरुणावर आहेत, बाईंची माफी मागायची म्हणतात. उल्काताईंनी ऐकलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"सांग त्याला, बाई घरी नाहीत."

आणि माझ्यासमोर बसून मेथी निवडत राहिल्या.