मातीची सावड

निवृत्त झाले आणि महिन्याभरातच दुभाषाचं काम चालून आलं. आमच्या शहरातल्या गोकुलम भागात योग शिकायला आलेल्या एका परदेशी बाईला मी कन्नड शिकवत असे. तिच्या गावच्या चर्चची मंडळी कोटे गावाकडच्या रस्त्यावरच्या एका खेड्याच्या मदतीला येणार होती, त्यांना माणूस हवं होतं. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेली मी, मला यात काय अवघड? घरी मात्र नवऱ्याने लगेच फिरकी घ्यायला सुरुवात केली.

"अय्यो, सुम्ने, उगीच कशाला जातीस गं उन्हात? आणि गेलीसच तर येताना गळ्यात क्रॉस घालून येऊ नको, म्हणजे झालं."

"घातला तरी तुम्हाला दिसणार आहे का? आधी पेपरातनं डोकं वर काढा," मी म्हटलं आणि बस पकडली.

खेड्याचं दुखणं साधं होतं. तळं गाळाने भरलेलं. उन्हाळ्यात पाणी नाही म्हणून पीक नाही, पीक नाही म्हणून निम्मं गाव पोराबाळांसकट कूर्गच्या कॉफीमळ्यांवर मजुरीला. मुलांची शाळा तिथेच सुटायची. तळं उपसलं तर हे रहाटगाडगं थांबणार होतं, पण काम पावसाआधी व्हायला हवं होतं. चर्चच्या लोकांनी गाळ उपसायच्या मशीनचा खर्च उचलला होता आणि गावकऱ्यांबरोबर टोपल्या वाहायला ते स्वतः आले होते. बहुतेक साठीच्या पुढचे. उन्हाने टोमॅटोसारखे लाल झाले, तरी कुणी सावलीला बसेना.

गावात एक अज्जी होती. तिचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. काम रंगात आलं असताना तिने सगळ्यांना तळ्याकाठच्या गावदेवी मारम्माच्या देवळापुढे बोलावलं आणि मला म्हणाली, "विचार यांना. हे आमच्या कामाला आले. यांच्या कामाला आम्ही कधी जायचं?"

ही त्या गावची रीत. आज तू माझ्या शेतावर, उद्या मी तुझ्या. ते लोक मुय्याळु म्हणतात, महाराष्ट्रात सावड म्हणतात. मी पाहुण्यांना विचारलं. ते हसले, हात हलवून म्हणाले, छे छे, आम्हाला परत काही नको. मी मोठ्या कौतुकाने ते अज्जीला सांगितलं.

"मग टोपल्या खाली ठेवा म्हणावं," अज्जी म्हणाली.

मला संतापच आला. हातातोंडाशी आलेला घास ही म्हातारी मातीत घालणार! "अज्जी, पाऊस तोंडावर आलाय. मिळतंय ते घ्यायचं सोडून हे काय काढलंत?"

"फुकट घेतलं तर आमच्या पोरांनी यांच्या तोंडाकडे बघायचं कसं? तू मध्ये बोलू नकोस. विचार."

गावच्या बायकांनी टोपल्या खरोखरच खाली ठेवल्या. मशीनवाल्यानेही मशीन बंद केलं. मला माझंच बोलणं ओशाळवाणं वाटू लागलं. मी पुन्हा विचारलं.

पाहुण्यांत एक बाई सगळ्यांत वयस्कर होती. काठी घेऊन चालायची, टोपली उचलवत नाही म्हणून सगळ्यांना पाण्याचे पेले भरून द्यायची. ती हळूच म्हणाली, "माझं एक काम आहे. गेल्या हिवाळ्यात माझे यजमान गेले. बर्फ पडत होता. दफनाला पाद्री, मी आणि इथे बसलेले एवढेच होतो. आमचं गाव रिकामं होत चाललंय. मी जाईन तेव्हा कुणीतरी असावं, असं वाटतं."

मी ते कन्नडमध्ये सांगितलं. त्या गावात कुणी गेलं की सगळं गाव मातीला जातं आणि प्रत्येक जण एक मूठ माती देतो. अज्जी उठली, त्या बाईला खेटून बसली आणि तिचा हात आपल्या मांडीवर घेऊन मला म्हणाली, "सांग तिला. मधे समुद्र आहे, तिथवर आम्हाला येता यायचं नाही. पण निरोप पाठवा. त्या दिवशी गाव कामाला जाणार नाही. तिच्या नावाने या तळ्याच्या बांधावर एकेक मूठ माती टाकू. यांच्यातल्या प्रत्येकाच्या नावाने टाकू. चालेल का विचार."

बाईने नुसती मान हलवली. गावाने टोपल्या उचलल्या. दसऱ्याच्या मिरवणुकीतली देवीची अंबारी मी लहानपणापासून पाहत आले आहे, पण त्या दुपारी माझे हात जसे आपोआप जोडले गेले तसे कधीच नाही. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर त्यानेही पेपर खाली ठेवला.

काम पावसाआधी संपलं. तळं भरलं, दुसरं पीक निघू लागलं. अजून काही जण कूर्गला जातात, पण पोरं गावात राहतात, शाळेत जातात.

बऱ्याच वर्षांनी त्या चर्चमधून मला फोन आला, ती काठीवाली बाई गेली. तोवर माझा नवराही गेला होता. मुलगा परदेशात, त्याला वेळेत पोचता आलं नाही. आमच्या सरस्वतीपुरम वस्तीतले तीन-चार पेन्शनर शेजारी स्मशानात आले आणि घड्याळ बघत परतले. त्यांना दोष नाही, पण ते मनात राहिलं होतं.

बाई गेल्याचा निरोप घेऊन मी खेड्यात गेले. आदल्या दिवशीच पाऊस पडून गेला होता, नाचणीच्या पेरणीची घाई होती. अशा दिवशी कोण शेत सोडणार? अज्जी आता खाटेवरच असायची. तिने एवढंच विचारलं, "ती पेले भरणारी?" आणि शेताशेतांत सांगावा धाडला.

औतं जागच्या जागी थांबली. चिखलाच्या हातांनी माणसं आली. त्या बाईला कधी न पाहिलेल्या सुना आल्या, तेव्हा जन्मलीही नव्हती ती पोरं आली. चौघांनी अज्जीला खाटेसकट बांधावर आणलं. एकेक जण पुढे येत होता, मूठ टाकत होता, नमस्कार करत होता.

माझी मूठ टाकून झाल्यावर अज्जीने विचारलं, "आणि तुला कोण आहे?"

"मुलगा लांब आहे. शेजारी येतील."

"आम्ही आहोत की. तेव्हा इकडचं बोलणं तिकडे वाहिलंस, ते काय काम नव्हतं?"

मला रडू आवरेना. कसंबसं म्हटलं, "पण अज्जी, आमच्यात माती देत नाहीत. जाळतात."

"बरं. मग लाकडं आणू," ती म्हणाली आणि रांगेतल्या मागच्या बाईला पुढे बोलावलं.