वाढत्या कुटुंबाची गाडी

आमच्या जुन्या छोट्या गाडीतून आम्ही आठ माणसं उतरायला लागलो की बघणारे हातातलं काम थांबवायचे. वसमतच्या एका मंगल कार्यालयासमोर एक गृहस्थ चहाची बशी ओठाशी धरून आम्हाला मोजत होते. सहावा माणूस उतरला तेव्हा त्यांचा चहा शर्टावर गेला. मी मुद्दाम सर्वांत शेवटी उतरायचो, दार लावायचो आणि लगेच पुन्हा उघडून आत डोकावायचो, अजून कोणी राहिलं का ते बघायला. त्यावर हमखास हशा यायचा. असा हशा मिळणार असेल तर मी रोज लग्नाला जायला तयार असतो.

गाडी पाच जणांची. धाकटा भाऊ चालवायला, त्याच्या शेजारी आई. मागे माझी बायको, धाकट्याची बायको आणि मी. आमच्या मांड्यांवर आणि पायांमध्ये धाकट्याची तीन लेकरं. मधलं पोरगं कायम माझ्या मांडीवर झोपायचं आणि झोपलं की ओल्या हळदीच्या पोत्याएवढं जड व्हायचं. कुरुंद्याला पोचेपर्यंत माझा पाय माझा राहायचा नाही. तो आतून मुंग्यांनी भरलेला पाय घेऊन मी घरात लंगडत शिरायचो, आणि तिन्ही लेकरं माझ्यामागे तशीच लंगडत यायची.

आमच्या पोटी मूल नाही. पुढच्या गोष्टीला लागतं म्हणून एकदा सांगून टाकतो. परत सांगणार नाही. लेकरं मला मोठे पप्पा म्हणतात, बायकोला मोठी मम्मी. घर एक, चूल एक, शेत एक. शेत मी बघायचो, धाकटा वसमतला नोकरीला. त्या हाकेतल्या 'मोठे' या शब्दाकडे माझं कधी लक्षच गेलं नाही.

आईचा एक नियम होता, तोही आत्ताच सांगतो. नारळ फुटला म्हणायचं नाही, वाढला म्हणायचं. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली. इथवर सगळ्यांच्याच घरी असतं. पण आमच्या आईनं तो नियम घरातल्या झाडून सगळ्या वस्तूंना लावला. कप वाढला. बल्ब वाढला. मोठ्या पोरीनं एकदा शाळेत बाईंना सांगितलं, "बाई, माझी पट्टी वाढली." बाईंना वाटलं, पोरगी गणितात काहीतरी नवीन सांगतेय.

धाकट्याच्या बायकोला चौथ्यांदा दिवस गेले आणि छोट्या गाडीचं गणित बसेना. मागच्या सीटवर तिचं पोट, आमचे सहा गुडघे आणि तीन लेकरं. एकदा अंगणात दार लावताना मी सगळ्यांना आत ढकलायला जोर लावला आणि माझ्या कोपराच्या धक्क्यानं बाहेरचा आरसा फुटला.

"वाढला," आई पुढच्या सीटवरून म्हणाली.

"कुटुंबबी वाढून राहिलं, आरसाबी वाढून राहिला," मी म्हणालो. सगळे हसले. धाकटाही हसला. मग तोच म्हणाला, "दादा, आता मोठी गाडी बघावंच लागन."

नवी परवडणारी नव्हती. जुनी, पण मोठी, तीन रांगांची, उंच चाकांची घ्यायची ठरली. हळद विकून झाली होती, मी मोकळा होतो, आणि गाडी बघायला जाणं हे माझ्यासारख्या माणसाला फुकटचं नाटक. दर रविवारी आम्ही दोघं भाऊ निघायचो. हिंगोली, नांदेड, एकदा थेट परभणी.

जुन्या गाड्यांच्या बाजारात मला कळलं की आपल्या भागात डॉक्टरांपेक्षा डॉक्टरांच्या गाड्या जास्त आहेत. जी दिसेल ती डॉक्टरची. एका हातात चाललेली, दवाखाना ते घर, घर ते दवाखाना. नांदेडला एका एजंटानं अशीच एक चकचकीत गाडी दाखवली. धाकटा इंजिन बघत होता, एजंट शपथा घेत होता. मी गुपचूप मागच्या सीटची लोखंडी पट्टी बोटानं पुसली. बोट पिवळंधमक. मी ते त्याच्यासमोर नाचवलं.

"डॉक्टर पेशंटला पोत्यात भरून आणत व्हते का हो?"

एजंट पाच मिनिटं हसला आणि खरं बोलला. गाडीनं दोन हंगाम हळदीची पोती वाहिली होती. धाकट्यानं परतीच्या वाटेवर मला भजी खाऊ घातली. "दादा, तू नसता तर फसलो असतो," तो म्हणाला. मला ते वाक्य अजून पाठ आहे.

प्रत्येक ठिकाणी माझी एकच परीक्षा असे. मी सरळ तिसऱ्या रांगेत जाऊन बसायचो. आई पुढे बसणार, लेकरं मध्ये बसणार, मागे कोण बसणार ते मला ठाऊक होतं. विकणारा विचारायचा, "साहेब, काहून येवढी मोठी गाडी पाह्यजे?" मी मागून आरोळी द्यायचो, "वाढतं कुटुंब हाय!" "किती लेकरं?" "तीन. चौथं येऊन राहिलंय." हे इतक्या वेळा आणि इतक्या ठिकाणी बोललो की मला ते बोलायला फार आवडू लागलं. गाडी नसती मिळाली तरी मी नुसतं हे सांगायला हिंडत राहिलो असतो.

धाकटा बाजूला उभा असायचा. त्याचं लक्ष मोबाइलमधल्या फोटोंवर असायचं: काळ्या रंगाच्या, वर काचेचं छत उघडणाऱ्या गाड्या. त्याच्या ऑफिसात कोणीतरी तशी घेतली होती.

शेवटी हिंगोलीत मला हवी ती सापडली. एका ठेकेदाराची, लांबलचक, पांढरी, नऊ जणांची. मागे समोरासमोर दोन बाकं, मागूनच चढायचं दार. इंजिन घड्याळासारखं. मी चार वेळा बोटांवर मोजलं: आई, आम्ही चौघं, तीन लेकरं, येणारं एक. नऊ! अशी बेरीज जमली की मला देवाचा वशिला लागल्यासारखं वाटतं.

धाकट्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली. "दादा, ही वडापची जीप वाटते. रस्त्यानं लोक हात दाखवतीन."

"दाखवू दे. आपणबी दाखवू."

चालवून बघायला निघालो. धाकटा स्टिअरिंगवर, ठेकेदार त्याच्या शेजारी, मी अर्थातच मागच्या बाकावर. औंढ्याच्या रस्त्यावर एका फाट्याजवळ गतिरोधक आला, गाडी हळू झाली, आणि खरंच दोन बायांनी हात दाखवला. एकीच्या डोक्यावर मेथीच्या जुड्यांची पाटी होती.

"औंढ्याला जाऊन राहिली का, बाबा?"

शहाण्या माणसानं नाही म्हटलं असतं. मी मागचं दार उघडलं. "जाऊन राहिली, मावशी. चढा!"

"दादा!" पुढून आवाज आला. पण पाटी आत आली होती.

"किती घेता?" पाटीवाल्या मावशीनं विचारलं.

"तुमच्याकडून काय घ्यायचं! नुसतं सांगा, गुडघे अडकून राहिले का?"

तिनं गुडघे हलवून बघितले. "न्हाई. आमच्या फाट्यावरच्या जीपीपेक्षा बरं हाय. पण काहून इचारून राहिले?"

"घ्यायची हाय. वाढतं कुटुंब हाय आमचं. तीन लेकरं, चौथं येऊन राहिलंय."

तिनं माझ्या पांढऱ्या मिशा नीट बघितल्या. "ह्या वयात? मोठी हौस हाय बाबा तुमाला!"

दुसरी पदरात तोंड घालून हसायला लागली. ठेकेदार हसला. मी तर बाकावर हात आपटून हसलो. मग पाटीवालीनं पुढे मान काढली. "आन् ह्यो डायवर काहून बोलत न्हाई? मुका हाय का?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. "लाजाळू हाय," मी म्हणालो.

आरशात मला धाकट्याचे डोळे दिसले. मी बघितलं आणि तरी हसत राहिलो. इतकं चांगलं चाललेलं थांबवणं मला कधी जमलंच नाही.

बायांना औंढ्याला सोडून हिंगोलीत परत आलो. ठेकेदारानं किल्ली हातात खेळवत मला विचारलं, "मग? बसतीन ना बराबर सगळी लेकरं तुमची?"

"चारीच्या चारी," मी म्हणालो.

"लेकरं माझी हायेत," धाकटा म्हणाला.

ठेकेदाराला वाटलं हाही विनोदच. तो मोठ्यानं हसला. मीही हसलो, माझा चेहरा ते आपोआप करतो.

परत येताना छोट्या गाडीत आम्ही दोघंच होतो. औंढा गेल्यावर रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "दादा, तुला जागोजागी तमाशा लागतो. मोजायला माझी लेकरं, हसायला मी."

मी कुरुंद्यापर्यंत रस्त्याकडेचे मैलाचे दगड मोजत आलो. बारशापासून बाराव्यापर्यंत कुठेही बोलायला उभा राहणारा मी!

त्यानंतरच्या रविवारी तो म्हणाला, काम आहे. पुढच्या रविवारी पण काम होतं. तिसऱ्या रविवारी दुपारी अंगणात काळी गाडी उभी राहिली. उंच, रुंद, आरशासारखी. लेकरं चढून छताच्या काचेतून डोकी बाहेर काढून ओरडायला लागली. त्यानं ती एकट्यानंच बघितली होती आणि एकट्यानंच घेतली होती. मी पहिल्यांदा काय केलं असेल? सवयीप्रमाणे मागचं दार उघडून तिसरी रांग बघितली. दोन जागा. मध्ये सुट्या दोन खुर्च्या, मधून जायला वाट. पुढे तीन जणांची सलग सीट. अशी तऱ्हा मी पहिल्यांदाच बघितली. एकूण सात.

आई आरतीचं ताट घेऊन आली. तिनं नारळ माझ्या हातात दिला. घरातला थोरला मी. "चाकापुढं वाढव," ती म्हणाली.

मी एरवी नारळ असा तसा फोडत नाही. डोळे मिटतो, मंत्र पुटपुटल्यासारखं करतो, लेकरांना घाबरवतो. त्या दिवशी सरळ दगडावर आपटला. एका घावात दोन भकलं, अगदी सारखी.

मग सगळे बसले. गाडी उंच होती, आईचा पाय पोचेना. मीच घरातून पाट आणला, तिला काखेत धरून वर चढवलं आणि खुर्चीत बसवलं. दोन लेकरं मागे, मधलं पोरगं पुढे. धाकट्याची बायको आईशेजारच्या खुर्चीकडे गेली आणि पायरीशीच थांबून माझ्या बायकोकडे वळली.

"वहिनी, तुमी बसा ना. मी मागं बसते."

"तू बस," धाकटा म्हणाला. "तुला धक्के नको."

मी अंगणात उभा राहून मोजायला लागलो, मोठ्यानं, नेहमीसारखं बोट नाचवत. एक, दोन, तीन. सहाला थांबलो. एक सीट रिकामी होती.

"ती येणाऱ्याची," धाकट्यानं सांगितलं. खिडकीची काच खाली करून, समजावल्यासारखं. "आन् तुमाला दोघांना जुनी हायेच की, दादा. ऐसपैस. ती तुमच्याच नावावर करून टाकू."

ना वाटणीला चार शहाणे बसले, ना कागद झाला. शेत अजून एकत्र आहे, चूलही एकच आहे. गावात कुणाला विचाराल तर आमच्यात काही झालेलंच नाही.

काळी गाडी गावात चक्कर मारायला गेली. आईनं मागच्या काचेतून मान वळवून बघितलं. मला वाटतं, आमच्याकडेच. माझ्या बायकोनं नारळाची भकलं उचलली, पाट उचलला, अंगण झाडलं. मग जुन्या गाडीचं दार उघडून मागच्या सीटवर बसली आणि पाय लांब केले.

"बसा," ती म्हणाली. "पसरा तुमचा पाय. आता मुंग्या नाही यायच्या."

पोरगी झाली. दवाखान्यातून तिला आणायला दोन्ही गाड्या गेल्या. काळीत माणसं, आमच्यात सामान: गाद्या, भांडी, पाळण्याच्या दांड्या. एवढंसं लेकरू, ते आपल्या आईच्या मांडीवर झोपलं होतं. येणाऱ्याच्या त्या सीटवर दुपट्यांची पिशवी बसली होती. आजही बहुतेक पिशवीच बसते. मी बघतो ना, त्यांच्या मागेच असतो.

वसमतच्या वेशीजवळ त्या दिवशी गाड्या थांबल्या तेव्हा एक ओळखीचे गृहस्थ आमच्या खिडकीशी आले. पुढे काळी गाडी, मागे आमची, असा थाट बघून खूश झाले. "वा! दोन-दोन गाड्या! कुटुंब वाढलं म्हणायचं!"

मी मोठ्यानं हसलो, तोंडभर. "वाढलं," म्हणालो.

बायको माझ्याकडे न बघता मांडीवरचं गाठोडं सावरत राहिली. तिला कळलं होतं.