उलटी बाजू दाखवा

बाळांनो, मागच्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, तू आजोबांची ट्रीटमेंट का अडवलीस?" मी विषय बदलला. चौतीस वर्षं शाळेत मुलींना इंग्रजी शिकवताना अर्धवट उत्तराला मी कधी गुण दिले नाहीत, म्हणून आता पूर्ण उत्तर लिहून देते. त्यात माझी एक चूक आहे. ती लपवणार नाही.

तुमचे आजोबा वळसंगचे. तरुणपणी सोलापुरात, भवानी पेठेत, एका तेलुगू विणकराच्या हाताखाली ते चादरीची नक्षी काढायला शिकले. चौकटींचा मोठा कागद घ्यायचा, एकेक चौकट पेन्सिलीने भरायची, आणि त्या कागदाबरहुकूम मागावर धागे उचलले जायचे. एक चौकट चुकली की तीच चूक प्रत्येक चादरीत. गुरूने चौकटी तेलुगूत मोजायला शिकवल्या, म्हणून आजही ते औषधाच्या गोळ्या ओकटी, रेंडू, मूडू अशाच मोजतात. गोळ्या पार्किन्सनच्या. नक्षी काढणारा उजवा हात आता स्वस्थ बसत नाही. शर्टाच्या गुंड्या लावायला बराच वेळ लागतो. मी पुढे झाले की म्हणतात, "ऱ्हाऊ दे की. कुटं गाडी चुकतीया?"

गेल्या वर्षी तुमच्या बाबांनी तिकडून एक व्हिडिओ पाठवला. त्यात एका गृहस्थाचे हात थरथरत होते. मग स्टेम सेलचं इंजेक्शन, आणि पुढच्या चित्रात तोच गृहस्थ बशीत थेंबही न सांडता चहा पीत होता. त्या दवाखान्याचं शिबिर सोलापुरात होणार होतं. बाबांनी तिथूनच आजोबांचं नाव नोंदवून टाकलं. आजोबांनी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला ते मी मोजलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी कपाटातला पेन्सिलींचा डबा काढला आणि खिडकीशी बसून, डाव्या हाताने, सगळ्या पेन्सिलींना टोकं केली.

मी वही घेऊन वाचायला बसले. मला कळलं ते असं. ज्या पेशीचं पुढे काय व्हायचं ते अजून ठरलेलं नसतं, ती स्टेम सेल. पार्किन्सनमध्ये मेंदूतल्या ठरावीक पेशी मरत जातात. तशा पेशी प्रयोगशाळेत वाढवून माणसाच्या मेंदूत सोडता येतील का, हे संशोधक खरोखर तपासत आहेत, थोड्या रुग्णांवर, सावकाश, परिणाम नोंदवत. या कामाला माझा विरोध नाही. उलट ते माझ्या डोळ्यांदेखत पुरं व्हावं, इतकी मी हावरी आहे.

आमच्या भजनी मंडळातली एक मैत्रीण म्हणाली, "गर्भातनं काढतात म्हणं त्या पेशी. पाप न्हवं का?"

मी तिला सांगितलं की काही पेशी तशा मिळाल्या आहेत. मूल होण्याच्या उपचारात उरलेले, काही दिवसांचे गर्भ जोडप्यांनी संशोधनाला दिले. आता मोठ्या माणसाच्या कातडीपासून, रक्तापासूनही तशा पेशी तयार करता येतात. "माझा प्रश्न एवढाच," मी म्हटलं, "की ज्याचं आहे त्याला नीट समजावून विचारलं का? त्याची सही आहे का?"

"तुजं सगळं सहीवर अडतंय बग," ती म्हणाली. आजोबा पलीकडे पेपर वाचत होते.

मग मी त्या दवाखान्याला फोन केला. ते रुग्णाच्याच पोटातली चरबी काढून, तिच्यातून काहीतरी वेगळं करून परत टोचत. गुडघ्याला तेच, मधुमेहाला तेच, न बोलणाऱ्या लेकराला तेच आणि पार्किन्सनलाही तेच. मी विचारलं, "हे संशोधन आहे की उपचार?" पलीकडची मुलगी म्हणाली, "दोन्ही, मॅडम." परवानगीचे कागद मागितले, तर "डॉक्टर शिबिरात सांगतील." मी तिथल्या तिथे आजोबांचं नाव रद्द करायला सांगितलं. आजोबांना म्हटलं, शिबिर पुढे गेलं.

ही माझी चूक.

शिबिराच्या दिवशी सकाळी दवाखान्यातून त्यांच्याच फोनवर विचारणा आली: काका, नाव का काढलंत, जागा अजून आहे. मी स्वयंपाकघरात चटणीसाठी शेंगदाणे निवडत होते. ते इस्त्रीचा शर्ट घालून, सगळ्या गुंड्या स्वतः लावून दारात उभे राहिले.

"मास्तरीणबाई, गर्भ दिला त्येची सही पायजे. कातडं दिलं त्येची सही पायजे. मग माज्या नावानं तू न्हाय म्हनलीस, त्येवर माजी सही कुटं हाय?"

मी म्हटलं, "अहो, ते फसवतात."

"फसवू दे की. कसं फसवत्यात ते मला बगू तर दे."

आम्ही रिक्षाने गेलो. लग्नाच्या कार्यालयाचा हॉल, खुर्च्यांना झालरी तशाच होत्या. पडद्यावर चहा पिणारा गृहस्थ आला, टाळ्या पडल्या. "काही शंका?" असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आजोबांनी हात वर केला. तो हलतच होता, त्यामुळे डॉक्टरांच्या लगेच लक्षात आला.

"ह्यो झाला सुलट्या बाजूचा मानूस," आजोबा म्हणाले. "आता उलटी बाजू दावा."

"म्हणजे काय, काका?"

"आमी चादर उलटी केल्याबिगर पास करत न्हाय. खोट असली तर तितं आदी गावती. इंजेक्शन घिऊन ज्येंना कायबी फरक पडला न्हाय, ती मानसं कुटं हायत? ज्येंचं वाईट झालं, ती?"

"काका, आपण सकारात्मक राहायला पाहिजे."

"सकारात्मक हाय म्हनूनच गुंड्या लावून आलोय की." दोनचार जण हसले. "किती जनांना दिलं आन किती जनांना गुन आला, त्येवडं सांगा."

"प्रत्येक पेशंट वेगळा असतो, काका."

"मग ह्यो एकच सगळ्यांला कशापायी दावताय?"

मागच्या रांगेत एक बाई मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. तीही उठून म्हणाली, "आमच्या लेकराचं बी सांगा. बोलंल का त्ये?" डॉक्टरांनी चहाची सुट्टी जाहीर केली. आजोबांनी चहा घेतला नाही.

परतताना मला वाटलं, आता ते मला शाबासकी देतील. त्यांनी शर्टाची वरची गुंडी स्वतःच सोडली. मग म्हणाले, "मला वाटलं व्हतं, दावतील."

या वाक्यासाठी मी कुणालाही माफ करणार नाही. त्या डॉक्टरांनाही नाही, आणि आधी माहीत असून आजोबांना ते स्वतः विचारू न देणाऱ्या मलाही नाही. आशा धरली म्हणून आजोबांना कुणी भोळं म्हणू नये. खऱ्या कामाचं नाव घेऊन, उलटी बाजू झाकून जे बसले आहेत, त्यांना लाज वाटायला हवी.

पुढच्या तपासणीला आजोबांनी आपल्या नेहमीच्या मेंदूच्या डॉक्टरांना सरळ विचारलं. ते म्हणाले, संशोधन खरं आहे, चाललंय, पण तुम्हाला आज देता येईल असं त्यातलं माझ्याकडे काही नाही. आजोबांनी मान हलवली. "चाललंय न्हवं? मग झालं. नमुना नीट उतरंस्तवर मागावर घ्यू नये." तेव्हापासून ते रोज सकाळी चौकटींच्या कागदावर थोडं काम करतात. चौकटींच्या बाहेर रेघ जाते. तो कागद ते टाकून देत नाहीत, मलाही टाकू देत नाहीत.

तपासणीच्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला त्यांच्या वतीने एक कागद लिहायला लावला: माझ्या अंगाला काय करायचं आणि काय करायचं नाही, ते आधी मला विचारायचं. होकार असो वा नकार. खाली त्यांची वाकडी सही, शेजारी माझी. त्यांच्या फाईलमध्ये तो पहिल्या पानावर लावला आहे.

त्या कागदाची एक प्रत तुमच्या बाबांसाठी सोबत पाठवते. त्यांनी न विचारता नाव घातलं, मी न विचारता काढलं; आम्ही दोघं सारखेच. यापुढे असा व्हिडिओ सापडला तर मला पाठवू नका. आजोबांना फोन करा. खिशातून फोन काढायला त्यांना वेळ लागतो. वाजू द्या.