ती गावात राहत असेल तर

मामाला मूलबाळ नव्हतं. आम्हा दोघी बहिणींपैकी एकीला सांभाळायला न्यावं म्हणून तो एकदा वसमतजवळच्या आमच्या गावी आला. तेव्हा मी चार वर्षांची होते आणि अंगावर गोवर होता. मग तो अक्काला घेऊन गेला. मी बरी असते तर मलाच नेलं असतं, असं आई नंतर सहज बोलून गेली. तिला वाटलं असेल, पोरीला बरं वाटेल. मला त्या दिवसापासून अक्काचं काहीच बरं दिसेना.

मामाचं गाव डोंगरकडा नावाच्या गावापासून दोन कोसांवर. विहिरीचं सहा एकर रान होतं. हळद, गहू, बांधाला लिंबोणी. दरवर्षी सुटीत आम्ही जायचो तेव्हा अक्का मामाच्या मागं मागं पाटाचं पाणी फिरवत असायची. मामी तिच्या केसांना तेल लावायची आणि मग माझ्याही लावायची. मग माझ्याही. हे मला नेमकं दिसायचं.

अक्काचं लग्न त्याच गावात, दोन गल्ल्या सोडून झालं. माझं झालं कनेरगाव नाक्याच्या शाळेतल्या मास्तरांशी. मामा गेला तेव्हा माझ्या लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. तेराव्यानंतर गावातल्या एका जाणत्या माणसानं मामाचा वसीयतनामा वाचून दाखवला. रान मामीनं जिवंत असेतोवर खावं, विकू नये. तिच्या मागं, थोरली भाची त्या वेळी गावात राहत असेल तर रान तिचं. राहत नसेल तर धाकट्या भाचीचं.

वाचणाऱ्यानं समजावून सांगितलं, "मामीला म्हातारपणी कोणी पाहिजे ना जवळ. म्हणून ही अट घातली त्यानं."

सगळे माना डोलावत होते. मी जमिनीकडं बघत होते. मला काही दिलंच नसतं तर एक वेळ चाललं असतं. पण माझं नाव होतं, आणि ते अक्काच्या नावामागं होतं. ती निघून गेली तर मी. पंगतीत तिचं पोट भरून उरलं तर माझ्या पानात.

तेव्हापासून मी वाट बघायला लागले. कनेरगावला डोंगरकड्याकडचं कोणी भेटलं की विचारायचे, "आमच्या अक्काचं कसं काय?" लोकांना वाटायचं, बहिणीवर किती जीव आहे. बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या सासरच्या विहिरी आटल्या, मी खडी फोडायच्या कामावर गेले. त्या वर्षीसुद्धा मामाच्या विहिरीला कमरेएवढं पाणी होतं, असं कळलं. त्या दिवशी खडी फोडताना मी बोटावरच हातोडी मारून घेतली.

पुढं मामीच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली. अक्कानं तिला आपल्या घरी आणलं आणि तिचं सगळं तीच करायची. माझ्या मनात आलं, अक्काचा नवरा बाहेरगावी नोकरीला लागला तर ती किती दिवस थांबेल? मी मास्तरांच्या मागं लागले. त्यांच्या ओळखीनं दाजींना वसमतजवळच्या साखर कारखान्यात काम मिळालं. दाजी खोली करून तिकडं राहू लागले. अक्का मात्र हलली नाही. मी भेटायला गेले तेव्हा ती मामीचं लुगडं धूत होती.

"तूच सांगितलं व्हतंस ना मास्तरांना?" ती म्हणाली. "लई चांगलं केलंस, बाई. रानाच्या भरवशावर किती दिवस राहावं? सुटीला येतेत ते. आमचं बराबर चाललंय."

तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पंच्याहत्तरच्या हिवाळ्यात अक्काला दिवस गेलेले होते आणि आठव्या महिन्यातच तिच्या पायांवर सूज आली. डॉक्टर म्हणाले, वसमतच्या दवाखान्यात ठेवा. तिनं मला निरोप धाडला, "मामीजवळ तू येऊन राहा. दुसऱ्या कोणाच्या हाती तिला देववत न्हाई."

मी गेले. तिला बैलगाडीत बसवून दिलं, आणि गाडी वळणाआड गेली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार काय आला ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आता अक्का गावात नाही, हा तो विचार.

पण मामीचं मी मनापासून केलं. आंघोळ घातली, कूस बदलली, ज्वारीची पातळ पेज चमच्यानं भरवली. मामी माझ्या हातचं खायची आणि दाराकडं बघून हाक मारायची, "अक्का गं!" मी म्हणायचे, "मी हाय, मामी. धाकटी." ती मान हलवायची आणि थोड्या वेळानं पुन्हा तीच हाक. मला रडू यायचं, पण ते दयेचं नव्हतं.

अकराव्या दिवशी सकाळी मामी गेली. त्याच्या आदल्या दिवशी अक्काला मुलगी झाली होती. ती येऊ शकली नाही. मामीच्या तोंडात पाणी मी घातलं.

सुतक फिटल्यावर तलाठी नावाची नोंद करायला आला. नियमाप्रमाणं दोघींना विचारलं, अक्काला दवाखान्यातून परतल्यावर. मी म्हणाले, "मामी गेली त्या दिवशी अक्का गावात नव्हती. मी व्हते."

तेराव्याला आलेले मास्तर हे ऐकत होते. घरी येऊन म्हणाले, "हे काहून केलंस?"

"खोटं बोलले का मी?"

"खोटं न्हाई. पण खरंबी न्हाई."

माझी हरकत लिहिली गेली. दोन महिन्यांनी तलाठ्याच्या वरचे सर्कल साहेब चावडीत चौकशीला आले. अक्का लेकरू घेऊन आली होती. वाळली होती. माझ्याकडं तिनं एकदाच पाहिलं. साहेब वयस्कर, शांत माणूस. त्यांनी वसीयतनामा वाचला, चष्मा काढला आणि मला विचारलं, "बाई, तुमी सासरहून इथं काहून आल्या व्हत्या?"

"अक्का दवाखान्यात व्हती. मामीला बघायला कोणी नव्हतं."

"दवाखान्यातून सुटल्यावर अक्का कुठं जाणार व्हती? नवऱ्याच्या खोलीवर?"

"न्हाई."

"मग?"

"घरी," मी म्हणाले.

शब्द तोंडातून निघून गेला. साहेब मला पुन्हा म्हणाले, "कोणत्या घरी?" मला खोटं बोलता आलं असतं. पण तिची चूल, तिची शेळी, तिचं रेशनकार्ड, सगळं ज्या घरात होतं तिथंच मी अकरा दिवस राहिले होते. मी म्हणाले, "इथल्याच."

"मग राहणं म्हंजी त्या दिवशी पाय कुठं व्हते ते नव्हं, बाई. माणूस कुठून गेलं अन् कुठं परत येणार, ते राहणं."

मी हरकत मागं घेतल्याची सही केली. अक्काला अंगठा द्यायचा होता, हातात लेकरू. सगळ्यात जवळ मी उभी होते. तिनं मला ओलांडून शेजारणीच्या हातात ते दिलं.

दोन वर्षं आम्ही बोललो नाही. मग मीच एका संक्रांतीला गेले. ओसरीवर लेकरू खेळत होतं, दाजी नोकरी सोडून परतले होते. अक्कानं पाणी दिलं, बसायला पोतं टाकलं. मी म्हणाले, "अक्का, माझं चुकलं."

तिनं शेंगांचं सूप पुढं ओढून फोडायला घेतलं. मग म्हणाली, "मला रान नको व्हतं असं न्हाई. पाहिजे व्हतं. तू मामीचं हागणंमुतणं काढलंस, ते मी इसरले न्हाई. अन् चावडीत उभी राहिलीस, तेबी इसरले न्हाई. दोन्ही राहतीन. च्या घेतीस?"

मी हो म्हणाले. ती आत गेली. मागच्या दारातून हळदीचं उभं रान दिसत होतं, पानं पिवळी पडून काढणीला आलेली. पीक चांगलं होतं. किती पोती होतील, ते मी मनात मोजलंच. चहा येईपर्यंत मी तिच्या लेकीला मांडीवर घेऊन बसले.