कोइल आणि कॉइल

समांतर जोडलेल्या दोन सारख्या तारांचा रोध मी बेरीज करून काढला. तंजावूरच्या एका शाळेत मी वर्षानुवर्षं भौतिकशास्त्र शिकवतो, आणि दहावीतल्या कुणी हीच चूक केली तर त्याला बाकावर उभं करतो. रोध वाढत नाही रे बाबा, निम्मा होतो, असं ओरडून सांगतो. मला ओरडून सांगायला त्या संध्याकाळी कुणी नव्हतं.

सिगारेट सुटावी म्हणून परदेशातून आलेल्या आतेभावानं मला एक पितळी नळी दिली होती. आत बॅटरी, वर तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल, वेटोळ्यात कापूस, कापसावर वासाचं पाणी. बुडाचं बटण दाबलं की तार तापते, वाफ होते, ती ओढायची. बटण चुकून दाबलं गेलं तर वीज तोडणारं आत काहीच नाही. आपल्याकडे असल्या वस्तू विकायला बंदी, त्यामुळे वेटोळं जळलं की नवं आणणार कुठून? इथं माझ्यातला मास्तर जागा झाला. तार मिळते, पेचकस आहे, ओमचा नियम तोंडपाठ. आणखी काय लागतं?

तार मी इस्त्री दुरुस्त करणाऱ्याकडून आणली. कुठल्या धातूची, लाल झाल्यावर तिच्यातून काय बाहेर पडतं, हे मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. पहिल्याच झुरक्याला जिभेवर गंजका आंबटपणा आला. मला वाटलं, पाण्याची चव असेल.

हे सगळं बायकोपासून लपवून. ती तंजावूर चित्रं काढते. राजवाड्यामागच्या आमच्या घरातली उजेडाची खोली तिची. फळी, खडूची पेस्ट, काचेचे खडे, सोन्याचा वर्ख. म्हणून मी तारा वळायचो शाळेच्या प्रयोगशाळेत, शाळा सुटल्यावर. एकदा उशीर झाला. तिनं दारातच विचारलं, "कुठं होता?"

"कॉइल," माझ्या तोंडून निघून गेलं.

आमचं मराठी असं की निम्मे शब्द तमिळचे. देवळाला आमच्या घरात कुणी देऊळ म्हणत नाही, कोइलच म्हणतात. तिचा चेहरा उजळला. "बेस! वयाला शोभेल असं काहीतरी सुचलं एकदाचं."

मी दुरुस्ती केली नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्यावरच्या पिळ्ळैयारपुढची, म्हणजे गणपतीपुढची, विभूती कपाळाला फासून घरी यायला लागलो. ती माझ्याबरोबर नारळ पाठवू लागली. ते शाळेच्या शिपायाच्या घरी चटणीत गेले.

मग मला हाव सुटली. एका वेटोळ्याची वाफ पुरेना, म्हणून दोन शेजारी शेजारी बसवली, समांतर. बॅटरीला किती झेपेल त्याचा हिशेब केला, आणि तिथं ती बेरीज केली. बॅटरीला झेपेल त्याच्या कितीतरी जास्त वीज मी तिच्याकडून मागत होतो, आणि ती नळी शर्टाच्या खिशात घालून घरी आलो.

"अहो, जरा हे टोक धरा," बायको म्हणाली. तिला चित्राची फळी खिडकीकडे वळवायची होती. मी टेबलावर वाकलो. बटण टेबलाच्या कडेला दाबलं गेलं आणि दाबलेलंच राहिलं. छातीशी आधी ऊब, मग चटका, मग खिशातून साप फुत्कारावा तसा आवाज आणि धूर. मी काय केलं? उभा राहिलो. खिशाकडे बघत उभा राहिलो.

तिनं उजव्या हातानं ती नळी ओढून काढली आणि मागच्या अंगणात भिरकावली. तिथं ती फुटली. भिंतीचा गिलावा उडाला. माझ्या छातीवर रुपयाएवढा डाग. तिच्या अंगठ्याची आणि पहिल्या बोटाची कातडी नळीबरोबर गेली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय फुटलं, सर?"

"बॅटरी. पण चूक कॉइलची."

हात पाण्याखाली धरलेला असताना तिनं मान वळवली. "कोइल?"

"हं."

"रोज संध्याकाळचं ते?"

"हं."

तिनं मान पुन्हा पाण्याकडे वळवली. डॉक्टर म्हणाले, "जखम भरेल. पकड किती परत येईल ते आज सांगता येणार नाही. अम्मा काय करतात?"

"चित्रं काढते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या कपाळावरच्या विभूतीकडे.

फळीवर बाळकृष्ण होता. लोण्याचा गोळा, मोरपीस, वर्ख, खडे, सगळं झालेलं. फक्त डोळे राहिलेले. ते शेवटी काढतात; त्याला उघडणं म्हणतात. पट्टी होती तोवर तो बिनडोळ्यांचा कृष्ण भिंतीला टेकून होता, आणि मी रसम ढवळताना तो मला बघत होता असं म्हटलं तर तुम्ही हसाल. मला हसू येत नव्हतं. खडे ती डाव्या हातानंही चिकटवू शकली असती. पण डोळ्याची रेघ दोन-तीन केसांच्या कुंचल्याची, आणि ती त्या दोन बोटांतूनच येते. तीस वर्षं येत होती.

पट्टी निघाली. कातडी गुलाबी, ताणलेली. ती जुन्या वर्तमानपत्रावर रेघा ओढायची. रेघ मध्येच थरथरायची, ती कागद चुरगळायची, दुसरा घ्यायची. मी फिल्टरची कापी करून ठेवायचो. ती पेल्यातच गार व्हायची. शेजारी शेजारी बसवलेली दोन वेटोळी, ती चुकलेली बेरीज, सगळं मी तिला सांगून टाकलं होतं. एकदाही तिनं मला बोल लावला नाही, आणि तिनं बोल लावावा याची वाट बघत मी घरभर फिरायचो.

एका सकाळी तिनं फळी टेबलावर घ्यायला लावली. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि पहिला डोळा काढला. कोपऱ्यात रेघ जराशी जाड झाली. पण डोळा उघडला. तिच्या कपाळावर घाम होता, बोटं आखडली होती, आणि दुसरा डोळा अजून बाकी होता.

मला उपयोगी पडायची फार घाई झाली होती. म्हटलं, "दमलीस तर राहू दे. नुसती बाहेरची रेघ मी ओढतो. एकाशेजारी एक, तसाच तर काढायचाय."

तिनं कुंचला रंगात बुडवला. वर पाहिलं नाही.

"एकाशेजारी एक ठेवलं की काय होतं, तेवढंच तर तुम्हाला येत नाही. सरका, उजेड अडतोय."