शिगेची वाटी
स्थळ उमापूर येथील राहते घर. तक्रारदार मी, अर्जनवीस. विरुद्ध पक्ष माझी पत्नी. साक्षीदार शेजारच्या काकू. तुपात बदाम परतल्याचा वास आला की हे प्रकरण पुन्हा समोर उभे राहते. लेक पुण्यात पहिल्यांदाच बाळंत झालेली, आणि तिच्या सासूबाईंनी डिंकाच्या लाडवांचे प्रमाण फोनवर सांगितलेले, बदाम पाव किलो. पत्नी वाटीशिवाय मोजत नाही, म्हणून तिचीच वाटी मी दुकानात नेऊन बदाम तोलवले आणि निर्णय दिला, पाव किलो म्हणजे सपाट दोन वाट्या. ती म्हणाली, “लेकीला सपाट माप? तुमच्या कचेरीत चालत आसंल,” आणि दोन्ही वाट्या शिगोशीग भरल्या. लाडू हातातच फुटू लागले. काकू म्हणाल्या, “बदाम लई झाले, आता वळायचे न्हाईत.” डबा पुण्याला न्यायला आलेले जावईबापू गाडी सुरू करून दारात उभे, मी अंगणात येरझारा घालत होतो. अखेर पत्नीने तो भुगाच डब्यात दाबून भरून दिला. दुसऱ्या दिवशी लेक फोनवर म्हणाली, “डबा पोचला, बाबा,” मागून सासूबाईंचा आवाज आला आणि फोन बंद झाला. आज नातू शाळेत जातो, तरी माझा जीव त्या आवाजापाशी अडकलेला आहे. सबब, सासूबाई तेव्हा नेमके काय म्हणाल्या, ते कन्येने एकदा खरे कळवावे, ही नम्र विनंती.