करवती काठाचं पातळ

जुनं लुगडं हातात आलं, की बाई आधी ते हुंगायच्या. कुबट वास आला, की कपाळाला आठी आणि तोंडात ठरलेलं वाक्य, “खाऊन राहिले गा, खाऊन राहिले!”

खाणारे म्हणजे किडे. कसर, केसाळ अळ्या, बुरशी, सगळ्यांवर बाईंचा दात. तुम्हीही पेटीतली रेशमी घडी उघडून तिची चाळणी झालेली पाहिली असेल. आपण हळहळतो. बाई संतापायच्या.

मी आंधळगावात फ्रिज दुरुस्त करतो. बाई इथल्याच विणकर घरातल्या, शाळेतून निवृत्त, घरात एकट्या. एकदा दुकानात येऊन त्यांनी आइस्क्रीमचा जुना डीप फ्रीझर मागितला.

“बाई, कुल्फीचा धंदा टाकता का जी?”

“किड्यायले थंडी वाजवाची हाय.”

गावातले कोशाच्या रेशमाचे जुने कपडे त्या प्लास्टिकमध्ये हवाबंद बांधून त्यात गोठवत. अळ्या मरत, अंडीही. पोरं कुल्फी मागायला येत आणि चिक्की खात परत जात.

आजोबांनी आजीसाठी विणलेलं करवती काठाचं पातळ मात्र त्यांनी विणकर समितीच्या नव्या सभागृहाला दिलं. अट एकच होती, ओलीपासून दूर ठेवा आणि अधूनमधून उघडून पाहू द्या. अध्यक्षांनी हात जोडून होकार दिला. मग ते पातळ प्लायवूडवर गोंदाने चिकटवलं, वर काच ठोकली आणि झिरपत्या भिंतीवर टांगलं!

पावसाळा सरता सरता बाई मला तिथे घेऊन गेल्या. काठावर काळी बुरशी चढली होती, निऱ्यांत अळ्या वळवळत होत्या.

“खोला हे,” बाई म्हणाल्या.

“साहेबाच्या हातानं उद्घाटन झालं हाय, बाई. असं कसं खोलता येईन?” अध्यक्ष म्हणाले. “आन् एवढं बारीक कोणाले दिसते जी?”

“मले दिसते! तुमच्या घरच्या भाकरीवर बुरशी आली, तं साहेबाची वाट पाहता का?”

बाईंनी टेबलावरचा पाण्याचा तांब्या उचलला आणि काचेवर हाणला.

समितीने पोलिसांची धमकी दिली. आजही माझं डोकं तापतं. सडू देणारे खुर्चीवर, आणि वाचवणारी गुन्हेगार!

धमकीला न जुमानता आम्ही ते पातळ सोडवलं, तेव्हा पदर तेवढा शाबूत निघाला. बाकीचं गोंदासोबत फाटलं. बाई रडल्या नाहीत. प्लायवरचे तुटके धागे वेचत एवढंच म्हणाल्या, “विणाले आजोबाले किती दिवस लागले असतीन गा?”

हिवाळ्यात बाई गेल्या. पदर त्यांनी आधीच माझ्या बायकोच्या हाती दिला होता.

परवा अध्यक्ष दुकानात आले. “बाईची शोकसभा ठेवली हाय. तो पदर दे. फोटोखाली काचेत कायमचा लावून टाकू.”

“भिंतीची ओल गेली का जी?”

“ते पुढच्या वर्षी पाहू ना, बाबू.”

“मंग नाही देत.”

ते बराच वेळ दारात उभे राहिले. मी त्यांना स्टूल दिलं नाही.